जुना कॉम्प्युटर विकण्याआधी डिस्क नीट पुसा

रिसायकल बिन रिकामी केली तरी फाइलची फक्त नोंद जाते. मजकूर डिस्कवर तसाच असतो आणि फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही परत निघतो. त्यात तुमच्या आधार-पॅनचे स्कॅनही आले. साधी हार्ड डिस्क असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि विंडोजमध्ये फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’समोरची टिक काढा. विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून पुढे असा पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. मोठ्या डिस्कला काही तास लागतात, लागू द्या. एकदा पुरतं, ३५ वेळा पुसायचा जुना सल्ला आता विसरा.

एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, मात्र हे पुरत नाही. ती काही जागा स्वतःकडे राखून ठेवते, तिथे फॉरमॅट पोचत नाही. तिच्यासाठी ती बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा.