मेंदूचा अभ्यास करायचाय म्हणणाऱ्यांसाठी, माझ्या सात वर्षांच्या अनुभवातून

न्यूरोसायन्समध्ये यायचंय पण काय वाचू, कुठून सुरू करू, मेडिकलचं बॅकग्राउंड नाहीये तर चालेल का, असे प्रश्न मला सारखे येतात. दर वेळी तुटक तुटक उत्तरं देण्यापेक्षा एकदा नीट बसून लिहून काढते. मी मूळची इलेक्ट्रॉनिक्सची, बारावीनंतर बायोलॉजीला हातही लावला नव्हता, आणि आता सात वर्षं कंपवातावर म्हणजे पार्किन्सन्सवर काम करतेय. त्यामुळे चालेल का, तर चालतं. आमच्याच लॅबमध्ये एक फिजिक्सवाला आहे, एक मानसशास्त्रातून आलेली आहे, एक डॉक्टर आहे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं काहीतरी येत नसतं. डॉक्टरला कोडिंग जड जातं, फिजिक्सवाल्याला पेशंटशी बोलायचं टेन्शन येतं. हा विषयच असा आहे की पूर्ण तयार होऊन कुणीच येत नाही.

पण सुरुवात कशी करायची यात मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी पहिले चार महिने नुसती नावं पाठ केली. हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला, थॅलॅमस, बेसल गँग्लिया, कुठला भाग कशासाठी, रंगीत पेनांनी चार्ट करून भिंतीवर लावले. मेंदूत साधारण 86 अब्ज न्यूरॉन म्हणजे चेतापेशी असतात, वजन शरीराच्या 2 टक्के पण ऊर्जा जवळपास 20 टक्के खातो, असलं सगळं तोंडपाठ. मग एका लॅब मीटिंगमध्ये मी बोलून गेले की मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या, डोपामिन (पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन) बनवणाऱ्या पेशी मरतात म्हणून कंपवात होतो. माझ्या गाईडनी शांतपणे विचारलं, मेल्या हे कुणी मोजलं? कशात मोजलं? मोजताना मेलेली पेशी आणि नुसती गप्प झालेली पेशी यातला फरक कसा ओळखला? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. चार महिने अभ्यास केला होता आणि एक साधं वाक्य मी कशाच्या जोरावर बोलतेय ते मला माहीत नव्हतं.

त्या प्रश्नांची उत्तरं शोधायला मला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत मी जे शिकले ते आधीच्या चार महिन्यांत शिकले नव्हते. ते थोडं सविस्तर सांगते, कारण या फिल्डमध्ये कुठलीही गोष्ट कळते कशी याचं ते चांगलं उदाहरण आहे.

सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणजे शब्दशः काळा पदार्थ. त्या पेशींमध्ये न्यूरोमेलॅनिन नावाचं रंगद्रव्य साठतं, त्यामुळे निरोगी वयस्क माणसाच्या मध्यमेंदूचा आडवा काप घेतला की दोन्ही बाजूंना एकेक गडद पट्टा नुसत्या डोळ्यांना दिसतो. कंपवात असलेल्या माणसाचा काप शेजारी ठेवला की तो पट्टा फिकट, कुठे कुठे तर पुसल्यासारखा. मी पहिल्यांदा असे दोन काप बाजूबाजूला बघितले तेव्हा बराच वेळ काही बोलले नाही. एका माणसाची चाल, अक्षर, चेहऱ्यावरचं हसू, सगळं त्या पुसट झालेल्या पट्ट्याशी जोडलेलं होतं.

पण फिकट दिसला म्हणजे किती पेशी गेल्या ते कळत नाही, त्यासाठी मोजायला लागतं. आणि मोजायचं म्हणजे टिश्यूचे अगदी पातळ काप करायचे, डोपामिन बनवायला लागणारं टायरोसिन हायड्रॉक्सिलेझ नावाचं एन्झाइम ज्या पेशीत आहे तीच रंगेल असा स्टेन द्यायचा, मग मायक्रोस्कोपखाली ठरावीक पद्धतीने निवडलेल्या चौकोनांमध्ये एकेक पेशी मोजून त्यावरून एकूण आकडा काढायचा. आता मेख इथे आहे, की एखादी पेशी जिवंत आहे पण आजारी पडून तिने ते एन्झाइम बनवणंच बंद केलं, तर ती रंगणार नाही आणि तुम्ही तिला मेलेल्यांत धराल. म्हणून त्याच कापांवर दुसरा स्टेन देतात, जो एन्झाइम असो नसो, सगळ्याच न्यूरॉनना रंगवतो, आणि दोन्ही आकडे ताडून बघतात. मी स्वतः पहिल्यांदा उंदराच्या मेंदूचे काप मोजले तेव्हा आधी फक्त पहिलाच स्टेन केला होता आणि माझा मेलेल्या पेशींचा आकडा भलताच वाढीव आला होता. दुसऱ्या स्टेननंतर कळलं की त्यातल्या बऱ्याच पेशी जागेवरच होत्या. मेलेली पेशी परत येत नाही, पण गप्प झालेल्या पेशीला कदाचित परत बोलतं करता येईल, त्यामुळे हा फरक फक्त आकड्यांचा नाहीये.

आणि डोपामिनचा संबंध कळला तो आणखी वेगळ्या वाटेने. 1950 च्या दशकात रेसर्पिन नावाचं औषध वापरात होतं, सर्पगंधेपासून काढलेलं, मेंदूतलं डोपामिन संपवणारं. स्वीडनचे संशोधक आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं तर ससे जागच्या जागी थिजले, आणि मग एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करायला लागले. डोपामिन थेट देऊन उपयोग नसतो कारण रक्तातून मेंदूत जायच्या वाटेवरचा अडसर ते ओलांडू शकत नाही, पण एल-डोपा ओलांडतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन बनतं. पुढे 1960 च्या दशकात माणसांवर हा उपचार सुरू झाला आणि आजही मुख्य औषध तेच आहे. कार्लसनना 2000 साली नोबेल मिळालं. मग 1982 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात काही तरुण मुलं अचानक कंपवाताच्या पेशंटसारखी गोठून गेली, कारण त्यांनी घेतलेल्या घरगुती बनावटीच्या ड्रगमध्ये एमपीटीपी नावाचा विषारी पदार्थ तयार झाला होता आणि तो नेमका याच पेशी मारतो. त्या मुलांचं जे झालं ते भयंकरच, पण त्यातून प्राण्यांमध्ये हा आजार अभ्यासायचा एक रस्ता सापडला. बघा, एका वाक्यामागे काप, स्टेन, ससे आणि ती मुलं, इतकं सगळं आहे. म्हणून मी नवीन मुलांना सांगते की पुस्तकातलं एकच वाक्य घ्या आणि त्याच्या मागे मागे जा.

आजारांवरून मेंदू समजतो हे खरंय, फक्त त्यात एक घसरण्याची जागा आहे. एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या पेशंटची केस तुम्ही पहिल्याच महिन्यात वाचाल. 1953 मध्ये फिट्स थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा बराच भाग काढला, आणि त्यानंतर नवीन आठवणी तयार होणंच जवळजवळ थांबलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीच्या कडा गिरवायला दिल्या, तर रोज त्यांचा हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे त्यांना एकदाही आठवलं नाही. म्हणजे हाताची आठवण आणि घटनांची आठवण वेगवेगळ्या यंत्रणांवर चालते, हे त्यातून पक्कं निघतं. पण हिप्पोकॅम्पस काढला आणि आठवण गेली म्हणजे आठवणी तिथे ठेवलेल्या असतात, हे मात्र निघत नाही, त्यांना लहानपणीचं बरंच आठवत होतंच की. फ्यूज काढला की टीव्ही बंद पडतो, म्हणून चित्र फ्यूजमध्ये असतं असं कुणी म्हणत नाही ना, तसंच. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे पटकन समजतं, बाकीच्यांनी पहिल्या दिवसापासून सवय लावून घ्या.

तसंच मशीनचं. ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विजेचे सिग्नल टिपणं, मिलिसेकंदाचा बदल पकडतं पण सिग्नल आतून नेमका कुठून आला ते धूसर. एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदू काम करत असताना काढलेल्या स्कॅनमध्ये, जागा चांगली कळते पण तो न्यूरॉन बघतच नाही, तो रक्तातल्या ऑक्सिजनमधला बदल बघतो, जो कळसाला पोचायला पाचसहा सेकंद लागतात, आणि त्यातल्या 3 मिलिमीटरच्या एका ठोकळ्यात काही लाख न्यूरॉन असतात. भाग उजळला असं कुणी म्हटलं की हे डोक्यात ठेवा. 2009 मध्ये काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि आकडेमोडीत हजारो तुलनांसाठी करायची ती दुरुस्ती केली नाही तर माशाच्या मेंदूतही हालचाल दिसते हे दाखवून दिलं. स्टॅटिस्टिक्स का शिकायचं हे विचारणाऱ्याला मी एवढंच सांगते.

एका पेशीचे विजेचे सिग्नल ऐकायचे असतील तर पॅच क्लॅम्प नावाची पद्धत. हे शिकायला मला आठ महिने लागले आणि मी ते आनंदाने परत शिकेन. मेंदूचा पातळ जिवंत काप ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या मिठाच्या पाण्यात ठेवायचा, काचेची नळी तापवून ओढून तिचं टोक एकदोन मायक्रॉनचं करायचं, आणि मायक्रोस्कोपमधून बघत ते टोक पेशीजवळ न्यायचं. नळीतून हलकासा दाब बाहेर चालू ठेवायचा म्हणजे टोकावर कचरा बसत नाही, आणि टोक पेशीला टेकलं की त्या दाबानेच पेशीवर छोटीशी खळी पडते. ती खळी दिसली रे दिसली की दाब सोडायचा, तोंडाने नळीतून अगदी बारीक ओढ द्यायची, आणि स्क्रीनवरचा रेझिस्टन्स चढत चढत एक गिगाओहमच्या वर गेला की सील बसलं. मग अजून एक छोटीशी ओढ, पडदा फुटतो आणि समोर वजा साठ-सत्तर मिलिव्होल्ट. थोडा करंट दिला की स्पाइक, म्हणजे पेशीने दिलेला विजेचा झटका. माझी पहिली पेशी अकरा मिनिटं टिकली, त्या अकरा मिनिटांत मी तिच्याकडे नुसती बघत होते, सेव्ह करायचं बटण दाबायचंही लक्षात आलं नाही. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी एवढं समजून या की कित्येक दिवस एकही पेशी हाती लागत नाही, काप खराब असतो, पाण्याचं प्रमाण चुकलेलं असतं, आणि त्यात तुमचा दोष असेलच असं नाही.

प्राण्यांबद्दल उघड बोलते कारण यावर कुणी आधी सांगत नाही. उंदीर मारणं तुम्हाला जमणार नसेल तर त्यात लाज वाटायचं कारण नाही, पण लॅब निवडायच्या आधी ठरवा, रुजू झाल्यावर नको. माणसांवरचं इमेजिंग आहे, दान केलेल्या मेंदूंवरचं काम आहे, स्टेम सेल्सपासून बनवलेले न्यूरॉन आहेत, नुसतं कॉम्प्युटरवरचं मॉडेलिंग आहे, आणि 302 न्यूरॉनवाली ती छोटी अळी, सी. एलेगन्स, जिची पूर्ण वायरिंग 1986 मध्येच छापून आली.

आणि कुठल्याही आजारावर काम करणार असाल तर त्या आजाराच्या माणसांना भेटा, मग तुमचं काम कितीही अळीवरचं किंवा कोडमधलं असो. मी दोन वर्षं कंपवातावर काम केल्यावर पहिल्यांदा क्लिनिकमध्ये जाऊन बसले. एक काका सकाळचं औषध न घेता आले होते, तपासणीसाठी तसंच यायला सांगितलेलं असतं. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितलं. पहिले चारपाच ठोके ठीक, मग बोटांमधलं अंतर कमी कमी होत गेलं आणि शेवटी बोटं नुसती थरथरत एकमेकांना टेकून राहिली. मग गोळी घेतली, साधारण पाऊण तासाने तेच केलं तर बोटं छान उघडत होती. मधल्या वेळात ते मला म्हणाले, ताई, सरळ फरशीवर माझे पाय चिकटतात, पण फरशीवर आडवे पट्टे असले ना की मी पट्टे ओलांडत ओलांडत मस्त चालतो. हे मी पेपरात वाचलं होतं, बाहेरून डोळ्यांना खूण मिळाली की हालचालीला दुसरी वाट मिळते वगैरे. पण त्यांनी उठून पट्ट्यांवरून चालून दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यातला पुढच्या प्रयोगाचा प्रश्नच बदलला. तोपर्यंत मी पेशी मरायची थांबवायची कशी एवढंच बघत होते, त्या दिवसापासून मी उरलेली सर्किट्स काय करतात ते बघायला लागले आणि आज माझं सगळं काम त्यावरच आहे.

बाकी कामाचं पटकन सांगते. कोडिंगसाठी पायथन शिका, एकच भाषा पण नीट. पेपर वाचताना आधी मेथड्स म्हणजे प्रयोग कसा केला तो भाग वाचा, किती प्राणी, किती माणसं, कंट्रोल म्हणजे तुलनेचा गट कोण, मोजणाऱ्याला कुठला ग्रुप कुठला ते माहीत होतं का, आणि मग लेखक काय म्हणतात ते बघा. आठवड्याला एकच पेपर वाचा पण असा वाचा की दुसऱ्याला फळ्यावर काढून दाखवता येईल. लॅब निवडताना गाईडशी बोलाच, पण तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एकेकटं गाठून विचारा की प्रयोग फसतो तेव्हा मीटिंगमध्ये काय होतं. मी एका ठिकाणी हे विचारलं तर समोरच्या मुलाने आधी दरवाजा बंद आहे का ते बघितलं, मी तिथे गेले नाही. दुसरीकडे एका मुलीने कपाट उघडून फसलेल्या प्रयोगांची वही दाखवली, तारीख, काय चुकलं असावं, पुढे काय बदललं, आणि मधेमधे गाईडच्या अक्षरात शेरे. मी त्याच लॅबमध्ये अजून आहे, आता त्या वहीचा चौथा भाग चालू आहे.