वेडा राघू फ्रेममध्ये कसा बसवायचा आणि शार्प किती करायचा

छोट्या पक्ष्यांचे फोटो शिकायचे तर शिंजीर सोडा, तो एका जागी थांबतच नाही, आधी वेड्या राघूपासून (ग्रीन बी-ईटर) सुरुवात करा. हा हवेत किडा पकडतो आणि बऱ्याचदा परत त्याच काडीवर किंवा तारेवर येऊन बसतो, म्हणजे फ्रेम आधीच लावून ठेवता येते. तार टाळा, काडी बघा. उभं राहून वरच्या दिशेने काढलात तर मागे पांढरं आभाळ आणि पक्षी काळा, त्यामुळे सरळ खाली बसा, कपडे मळतील तर मळू द्या, पक्ष्याच्या डोळ्याच्या लेव्हलला आलात की मागचं गवत मस्त ब्लर होतं. तो ज्या बाजूला बघतोय तिकडे जागा जास्त सोडा, आणि शेपटीच्या मधल्या दोन लांब पिसांची टोकं कापू नका (माझे निम्मे फोटो याच्यातच गेलेत).

शटर स्पीड १/१६०० सेकंदाच्या आसपास, फोकसचा सिंगल पॉइंट थेट डोळ्यावर. डोळा सॉफ्ट (धूसर) आला तर फोटो डिलीट, शार्पनिंगने तो वाचत नाही.

घरी आल्यावर आधी नॉइज (फोटोतले दाणे) काढा, मग क्रॉप, मग रिसाइज, शार्पनिंग सगळ्यात शेवटी. शार्पनिंगचा रेडियस (कडेभोवती किती पिक्सेलपर्यंत परिणाम होतो ते) ०.५ ते ०.८ ठेवा. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर ओढा, जिथे पांढरं दिसतं तेवढंच शार्प होतं, बॅकग्राउंड पूर्ण काळी होईपर्यंत ओढत राहा. चोचीच्या कडेला पांढरी रेघ दिसली की जास्त झालं, मागे या.