शाळा व्यवस्थापन समितीवर काम करायचंय? बडोद्यातल्या पालकांसाठी

आधी आपल्या मुलाची शाळा कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असायलाच हवी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ तसं सांगतं. अनुदानित शाळेतली समिती फक्त सल्ला देऊ शकते. विनाअनुदानित खासगी शाळेला हे कलम लागू नाही, तिथे हट्ट धरून उपयोग नाही.

समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे १२ जणांची समिती असेल तर ९ पालक, आणि एकूण ६ बायका. उरलेल्या जागा शिक्षक, स्थानिक लोकप्रतिनिधी वगैरेंच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. यादीत नेमकी हीच नावं गळतात, म्हणून निवडीच्या दिवशी यादी मोठ्याने वाचायला लावा. सध्याच्या समितीची मुदत कधी संपते आणि निवडीची पालकसभा कधी आहे, हे आचार्यांना (मुख्याध्यापकांना) जूनमध्येच विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी सभेची चिठ्ठी मुलाच्या दप्तरातच राहते आणि आलेल्या आठ-दहा जणांतून समिती ठरून जाते.

गुजराती कागदांवर पालकाला ‘वाली’ म्हणतात. सुदैवाने ‘ठराव’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, आणि सभासदाचं खरं हत्यार तेच. ‘शौचालयाबाबत चर्चा झाली’ हा ठराव नव्हे. त्याने काहीच हलत नाही. तो असा लिहून घ्या : ‘मुलींच्या शौचालयाच्या दोन दारांना आतून कडी नाही. शाळेच्या अनुदानातून कड्या बसवणे. जबाबदारी आचार्यांची. मुदत १५ जुलै.’ काय, कुठल्या पैशातून, कोणी आणि कधीपर्यंत, या चारांपैकी एक जरी सुटलं तरी पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा येतो.

कोऱ्या पानावर सही कधीही करू नका. ‘मागाहून लिहितो, तुम्ही सही करा’ असं कोणी सांगितलं तर तिथेच पाच मिनिटं बसून लिहून घ्या. शेवटच्या ओळीखाली रेघ मारा, मग सही. एखादा मुद्दा पटला नसेल तर तेही नोंदवहीत लिहायला सांगा आणि पानाचा फोटो काढून ठेवा. काम शाळेच्या आवाक्याबाहेरचं असेल, गळकं छप्पर किंवा पडकी भिंत, तर ठरावाची प्रत जोडून शिक्षण समितीच्या कचेरीत अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय पाठपुरावा करता येत नाही.

बैठक शनिवारी सकाळची शाळा सुटताना ठेवा. रोजंदारीवर जाणाऱ्या आया भर दुपारी येऊ शकत नाहीत आणि त्या नसतील तर सहीची पानं फक्त भरत राहतात.

पैशांकडे विशेष लक्ष द्या. समग्र शिक्षा योजनेत पटाप्रमाणे अनुदान ठरतं : ३१ ते १०० मुलांना २५,००० रुपये, १०१ ते २५० ना ५०,०००, २५१ ते १,००० ना ७५,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च व्हायला हवेत. १४० मुलांच्या शाळेला ५०,००० म्हणजे ५,००० साबण, फिनेल, नळदुरुस्ती यांवर. घोळ होतो तो मार्चमध्ये : पैसे उरलेले असतात आणि गरज नसलेल्या वस्तूंची घाईने खरेदी होते. म्हणून दिवाळीआधीच विचारा, किती आले, किती खर्चले, बिलं कुठे आहेत. आणि बिलावरची वस्तू प्रत्यक्ष कपाटात आहे का, ते डोळ्यांनी पाहा.

माध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि ७.५. ही कच्ची वजनं आहेत. पहिली ते पाचवीची १४० मुलं हजर असतील तर १४ किलो धान्य आणि २ किलो ८०० ग्रॅम डाळ लागते. अन्न मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गाडीने येत असेल तर गाडीची वेळ, डब्यांची संख्या आणि त्या दिवसाची हजरी एकाच ओळीत लिहायला सांगा. तफावत तिथेच कळते. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळालं नाही तर जबाबदारी निश्चित करणं राज्य सरकारवर बंधनकारक आहे.

शिक्षकांशी मात्र तपासनिसासारखं वागू नका. समितीने शिक्षकांची नियमितता पाहायची. वर्गात घुसून कोण कसं शिकवतं हे ठरवायचं नाही. पहिली ते पाचवीत १२१ ते २०० मुलांना ५ शिक्षक हवेत. ३ च असतील तर दोष त्या तिघांचा नाही, रिक्त पदांचा ठराव करा. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामं सोडून शिक्षकांना अन्य सरकारी कामांना जुंपता येत नाही, हेही समितीने पाहायचं आहे. खासगी शिकवणीला आणि मारहाणीला कायद्याने बंदीच आहे.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. आज त्याच शहरात शाळेचा विकास आराखडा पालकांनी बनवायचा आहे. तो मार्चअखेर घाईत लिहिला तर मागच्या वर्षीचीच नक्कल होते. डिसेंबरात सुरुवात करा, खोल्या, नळ, पट आणि शिक्षक स्वतः मोजा.

बडोद्यात एक काम पावसाळ्याआधीचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं. शाळा सखल भागात असेल तर ठरावाची वही, दाखलखारीज रजिस्टर आणि धान्य वरच्या फळीवर हलवा. पाणी ओसरल्यावर वीज आणि पाण्याची टाकी तपासल्याशिवाय वर्ग भरवू नका.

मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असते. त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं.

ज्यांची मुलं या शाळेत नाहीत, त्यांना विद्यांजली या शाळांसाठी स्वयंसेवक जोडणाऱ्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून वाचनतास घेता येतो किंवा संगणक शिकवता येतो. वाढदिवसाला तिथिभोजन, म्हणजे शाळेतल्या मुलांना आपल्याकडून जेवण, देता येतं. ते द्यायचं असेल तर आचार्यांना आदल्या दिवशी सांगा, म्हणजे स्वयंपाकघराला आकडा कळतो आणि अन्न वाया जात नाही.