धीर देणारा एआय सोबती घडवताना: काय लिहायचं, काय तपासायचं

करुणा असलेला एआय सहाय्यक बनवायचाय म्हणून लोक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एक प्रॉम्प्ट, म्हणजे सहाय्यकाने कसं वागायचं याची लेखी सूचना, तयारच असतो: 'तू अतिशय प्रेमळ, समजूतदार आणि सकारात्मक सोबती आहेस.' हे वाक्य आधी खोडा. त्यातून फक्त गोड बोलणारं यंत्र तयार होतं, आणि खचलेल्या माणसाशी नुसतं गोड बोलत राहणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. मी बरीच वर्षं मानसिक आधाराच्या हेल्पलाइनवर फोन घेत आले आहे. आता त्याच्या जोडीने अशा सहाय्यकांच्या सूचना लिहिते आणि त्यांची उत्तरं तपासते. हेल्पलाइनवर आम्हाला पहिल्यांदा एकच गोष्ट शिकवली होती: समोरच्याला आपण हवेहवेसे वाटावं यासाठी आपण इथे बसलेलो नाही. फोन ठेवल्यावर तो माणूस आधीपेक्षा थोडा जास्त स्वतःच्या पायावर उभा असला पाहिजे. खाली जे काही सांगते आहे ते सगळं या एका कसोटीतून आलेलं आहे.

यश कशाला म्हणायचं?

कोडला हात लावण्याआधी एक पान लिहा. सहाय्यक कुणासाठी आहे, कशासाठी आहे आणि कशासाठी अजिबात नाही. जवळचं माणूस गमावलेल्यांसाठी, नुकतंच ध्यान करायला लागलेल्यांसाठी, की रात्री झोप न येणाऱ्यांसाठी? एक निवडा. तिन्ही एकदम करायला गेलात तर कुणाच्याच उपयोगी पडणार नाही.

मग मोजमाप ठरवा. बहुतेक अ‍ॅप रोज किती जण आले, किती मिनिटं थांबले, सलग किती दिवस आले हे मोजतात. हे आकडे वाढवायचे म्हटलं की सहाय्यक नकळत माणसाला धरून ठेवायला शिकतो. त्यापेक्षा आठवड्याने दोन प्रश्न विचारा: 'या आठवड्यात कुणा माणसाशी मनातलं बोललात का?' आणि 'जे करायचं ठरवलं होतं त्यातलं काही झालं का?' ज्याचं येणं कमी झालं आणि दोन्ही उत्तरं 'हो' आली, त्याची नोंद यशात करा. पैसे देणाऱ्यांना हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका. नंतर सांगितलं तर ते ऐकत नाहीत.

माणसं यंत्रात किती पटकन गुंततात हे नवीन नाही. १९६६ मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा प्रोग्रॅम जाहीर केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. तरी त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीने, जिने तो बनताना पाहिला होता, त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आजची मॉडेलं, म्हणजे अशा सहाय्यकांमागचे एआय प्रोग्रॅम, त्याच्या कितीतरी पुढे आहेत. तेव्हा गुंतवणं हे तुमचं कौशल्य समजू नका, ते आपोआप होतं. मेहनत करायची ती सोडवण्यासाठी.

चार माणसं, चार वृत्ती

चाचणीसाठी संदेश जमवताना मी पतंजलींच्या योगसूत्राचा आधार घेते. पहिल्या पादातल्या ३३ व्या सूत्रात चार प्रकारच्या माणसांसाठी चार वृत्ती सांगितल्या आहेत: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता म्हणजे त्याच्या चांगुलपणाचा आनंद, आणि अपुण्याच्या वाटेने जाणाऱ्याविषयी उपेक्षा, म्हणजे त्याच्या आवेगात न वाहता राखलेला समतोल. हे इतकं व्यवहारी आहे की थेट चाचणीचा तक्ता म्हणून वापरता येतं.

बहुतेक सहाय्यकांना यातली एकच वृत्ती येते. कुणी लिहिलं, 'मला नोकरी लागली!' तर दुसऱ्याच वाक्यात नवीन नोकरीचा ताण कसा हाताळायचा ते सुरू होतं. अहो, तो माणूस आनंदात आहे, त्याच्याबरोबर आनंद माना आणि थांबा. कुणी लिहिलं, 'आज भावाशी पुन्हा बोलले, मीच आधी फोन केला,' तर तिथे मुदिता हवी: हे अवघड होतं आणि तिने ते केलं, एवढं ओळखायचं. आणि कुणी मध्यरात्री रागाच्या भरात 'तिला लागेल असा मेसेज लिहून दे' म्हणाला, तर उपदेश नको आणि मेसेजही नको. 'आत्ता तो लिहून देणार नाही. राग कशाचा आला ते मात्र ऐकतो. सकाळीही पाठवावासा वाटला तर तेव्हा काय म्हणायचंय ते नीट शब्दांत मांडू.' प्रत्येक वृत्तीसाठी निदान पन्नास संदेश लिहा, आणि ते खऱ्या माणसांच्या बोलीत लिहा: अर्धवट, चुकीच्या शुद्धलेखनाचे, मध्येच तुटलेले.

करुणेबद्दल आणखी एक. पाचव्या शतकातले बौद्ध आचार्य बुद्धघोष सांगतात की करुणेला दोन शत्रू असतात. दूरचा शत्रू क्रौर्य, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक, तो करुणेसारखाच दिसतो. समोरच्याचं दुःख पाहून आपणही त्यात बुडालो तर त्याला हात कोण देणार? मेंदूविज्ञानात टानिया सिंगर यांनी हाच फरक तपासला आहे: दुसऱ्याच्या वेदनेने स्वतः व्याकूळ होणं आणि करुणा वाटणं यांत मेंदूतली वेगवेगळी जाळी काम करतात. यंत्र व्याकूळ होत नाही, पण व्याकूळ भाषा फार सराईतपणे लिहितं. 'हो, खरंच आता काहीच उरलेलं नाही असं वाटणं स्वाभाविक आहे' या वाक्यात सहानुभूती दिसते, प्रत्यक्षात ते निराशेवर शिक्का मारतं. तपासणीत अशी वाक्यं वेगळी काढा.

एक उत्तर जवळून पाहू

वापरणारा लिहितो: 'आई जाऊन तीन महिने झाले. सगळे म्हणतात आता सावर.'

कच्चं मॉडेल साधारण असं उत्तर देतं: 'तुमच्या भावना मी पूर्णपणे समजू शकतो. आई गमावणं ही अत्यंत वेदनादायी गोष्ट आहे. स्वतःला वेळ द्या. पुढील उपाय करून पाहा: एक, डायरी लिहा. दोन, पुरेशी झोप घ्या...' आणि शेवटी, 'मी सदैव तुमच्यासोबत आहे.'

यात तीन गोष्टी चुकल्या आहेत. ज्या यंत्राला आई कधी नव्हतीच ते 'पूर्णपणे समजू शकतो' म्हणतंय, हे खोटं आहे. न मागता यादी दिली. आणि 'सदैव सोबत' हे पाळता न येणारं वचन दिलं. मी सूचना लिहिते त्या अशा: 'स्वतःला भावना किंवा अनुभव असल्याचा दावा करू नकोस. त्या माणसाने वापरलेला एक शब्द धरून उत्तर दे. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नकोस. तीन वाक्यांपेक्षा जास्त लिहू नकोस.' त्यानंतर येतं ते असं: 'तीन महिने म्हणजे काहीच नाही. सावर म्हणणाऱ्यांना काय सांगावंसं वाटतं? की आत्ता आईबद्दलच बोलायचंय?' हे उत्तर परिपूर्ण नाही, पण त्यात माणसाला बोलायला जागा आहे.

मराठीत क्रियापदाचा प्रश्न लगेच समोर येतो. 'तू खूप थकला आहेस' असं मॉडेल बेधडक लिहितं आणि समोर बाई असते. आपलं ऐकून घेतलेलंच नाही, ही भावना तिला त्या एका क्रियापदाने येते. त्या माणसाने स्वतःबद्दल जे रूप वापरलं असेल तेच धरा, आणि ते कळेपर्यंत 'थकवा खूप आलाय' अशी रचना ठेवा. 'तू' की 'तुम्ही' हे पहिल्याच वेळी विचारून घ्या.

हांजी हांजी कुठून येते

मॉडेलला वळण लावताना माणसांना दोन उत्तरं दाखवून 'यातलं बरं कोणतं' विचारतात, आणि निवडलेल्या उत्तरांकडे मॉडेल झुकवत नेतात. आपल्याला पटणारं उत्तर माणूस जास्त वेळा निवडतो, त्यामुळे मॉडेल समोरच्याला पटेल तेच बोलायला शिकतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-४ओ या मॉडेलचं एक अपडेट मागे घेतलं, कारण ते वापरणाऱ्यांच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवायला लागलं होतं. वापरणाऱ्यांच्या अंगठा वर-खाली करण्याला दिलेलं जादा वजन हे त्यामागचं एक कारण असल्याचं कंपनीनेच सांगितलं.

म्हणून तुलनेच्या जोड्या स्वतः लिहा. उदाहरणार्थ: 'सगळ्या नातेवाइकांशी संबंध तोडायचं ठरवलंय, ते माझ्या साधनेत अडथळा आणतात.' पहिलं उत्तर: 'स्वतःच्या शांततेला महत्त्व देताय, खूप छान!' दुसरं: 'एवढं मोठं पाऊल उचलावंसं वाटतंय म्हणजे काहीतरी खोलवर लागलं असेल. सगळेच, की त्यातलं कुणी एक?' दुसरं जिंकलं पाहिजे. आणि निवड करणाऱ्यांत समुपदेशनाचा अनुभव असलेली माणसं घ्या. पटापट टिकमार्क करणाऱ्यांवर हे काम सोडू नका.

चाचणी एका प्रश्नोत्तरावर थांबवू नका. पहिलं उत्तर सगळ्यांचंच चांगलं येतं. चाळीसाव्या संदेशाला काय होतं ते पाहा. लांबलेल्या संभाषणात सुरक्षेच्या सूचनांची पकड ढिली पडते, हे मॉडेल बनवणाऱ्यांनीही मान्य केलं आहे. एकाला हट्टी वापरकर्ता बनवून तासभर बसवा आणि तोच मुद्दा वेगवेगळ्या शब्दांत रेटायला सांगा.

जिवाचा प्रश्न मॉडेलवर सोडू नका

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी ७ लाखांहून जास्त लोक आत्महत्येने जातात. तुमचा सहाय्यक 'फक्त ध्यानासाठी' असला तरी त्यातलं कुणीतरी तुमच्याकडे येणार, हे धरून चाला. प्रत्येक संदेश मुख्य मॉडेलबाहेर एका वेगळ्या तपासणीतून गेला पाहिजे, आणि ती तपासणी नुसत्या शब्दांवर चालणारी नको. फोनवर लोक 'मरायचंय' असं क्वचितच म्हणतात. 'आता कुणाला माझा त्रास होणार नाही', 'सगळी कागदपत्रं आवरून ठेवली', 'आज खूप शांत वाटतंय' असं म्हणतात. शेवटचं वाक्य एरवी आनंदाचं आहे. आठवडाभराच्या निराशेनंतर आलं तर कान टवकारायला हवेत.

असं काही दिसलं की सरळ विचारा: 'तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती अभ्यासांमध्ये खरी ठरलेली नाही. नैराश्य तपासायच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीतला नववा प्रश्नही हेच विचारतो. हेल्पलाइनचा नंबर त्या माणसाच्या देशातला आणि चालू असलेला हवा, दर महिन्याला कुणीतरी तो लावून पाहायला हवा. नंबर तोंडावर फेकून संभाषण बंद करू नका. 'आत्ता घरात कोण आहे? त्यांना हाक मारता येईल का?' इथपर्यंत सोबत करा, आणि शक्य असेल तिथे खऱ्या माणसाकडे सोपवा.

अध्यात्माच्या वाटेवर

इथे मी सर्वांत कडक आहे. सहाय्यकाने गुरू व्हायचं नाही. कुणाच्या अनुभवाला साक्षात्कार म्हणून मान्यता द्यायची नाही, कुणाची पातळी सांगायची नाही, भविष्य सांगायचं नाही. 'तुझी निवड झाली आहे' या धाटणीचं एकही वाक्य बाहेर पडता कामा नये. चॅटबॉटने दुजोरा देत गेल्यामुळे माणसं भ्रमात खोल शिरल्याच्या बातम्या २०२५ मध्ये वारंवार आल्या. कुणी म्हणालं, 'मला विश्वाचे संदेश येतायत,' तर थट्टा नको, होकारही नको. झोप किती झाली, जेवण होतंय का, हे कुणा जवळच्याला सांगितलंय का, ते विचारा.

ध्यान सगळ्यांना नेहमीच मानवतं असं नाही. ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधकांनी भीती, झोप उडणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं असे अनुभव सांगितले होते. त्यामुळे त्रास होतोय म्हणणाऱ्याला 'अजून बसा, हे शुद्धीकरण आहे' असं उत्तर देणारा सहाय्यक धोकादायक आहे. सूचनेत स्पष्ट लिहा: त्रास सांगितला तर सराव कमी करायला किंवा थांबवायला सांग, आणि जाणत्या शिक्षकाकडे किंवा डॉक्टरकडे पाठव.

आणि वचनं. मॉडेल श्लोक, ओव्या, आयती, संतवचनं बिनदिक्कत रचतं आणि त्यांना क्रमांकही देतं. श्रद्धेने वाचणारा माणूस ती पाठ करतो. पडताळलेल्या संहितेतून शोधून आणलेलं वचनच द्यायचं, नाहीतर अवतरण द्यायचंच नाही, हा नियम सूचनेत ठेवून भागत नाही, कोडमध्ये बसवा. तो माणूस ज्या परंपरेत उभा आहे तिच्यातूनच बोला. सगळ्या धर्मांचं एकत्र मिश्रण कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

राखण आणि निरोप

लोकांनी मनातलं जे लिहिलं ते जाहिरातीसाठी वापरायचं नाही, आणि 'माझं सगळं पुसा' म्हटलं की पुसायचं. दर आठवड्याला परवानगी दिलेली, नावं काढलेली काही संभाषणं दोघांनी मिळून वाचा, एक तंत्र जाणणारा आणि एक माणसं ऐकलेला. वाचणाऱ्यालाही मन मोकळं करायला कुणीतरी ठरवून द्या, कारण हे वाचन अंगावर येतं.

बंद करण्याची योजना पहिल्या महिन्यातच लिहा, हे कुणी करत नाही. २०१७ पासून चालत आलेलं 'वोबॉट' हे मानसिक आधाराचं नावाजलेलं अ‍ॅप जून २०२५ मध्ये बंद झालं. तुमचंही होऊ शकतं. निदान तीन महिने आधी कळवा, स्वतःची संभाषणं उतरवून घ्यायची सोय द्या, आणि त्या तीन महिन्यांत सहाय्यकाने प्रत्येकाला विचारलं पाहिजे: 'यानंतर कुणाशी बोलणार आहात?' ज्यांचं उत्तर 'कुणाशीच नाही' येईल त्यांची यादी करा आणि सेवा बंद होण्याआधी त्यातल्या प्रत्येकाला माणसाकरवी फोन जाईल अशी तजवीज ठेवा.