‘आम्ही केलं’ म्हणालात की उत्तर गेलं

नोकरीच्या मुलाखतीतल्या फेऱ्या तुम्हाला ठाऊक असतीलच: फोनवरची चाचपणी, टेक्निकल, पॅनल, एचआर. रेकॉर्डेड व्हिडिओ मुलाखतीत समोर माणूस नसतो, नुसतं घड्याळ पळतं. कॅमेऱ्याकडे बघून बोलायची सवय केली की निभतं. पोरं गळतात ती ‘एखादा प्रसंग सांगा’ इथे, आणि हा प्रश्न कुठल्याही फेरीत येतो.

आधी प्रश्न नीट ऐका. ‘टीममध्ये वाद झाला तर काय कराल?’ यात कल्पना चालते. ‘वाद झाला तेव्हा काय केलंत?’ याला घडलेलंच लागतं. तिथे ‘मी सगळ्यांचं ऐकून घेतो’ म्हणालात की समोरचा पेन खाली ठेवतो.

परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम ही ‘स्टार’ची चौकट (सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट यांची आद्याक्षरं) सगळ्यांना पाठ असते. तरी गाडी कृतीवर अडते, कारण ‘मी मी करू नये’ हे आपल्याला घरातूनच शिकवलेलं. मग ‘आम्ही ठरवलं’, ‘ते करण्यात आलं’, ‘शेवटी झालं’. इंग्रजीत बोललात तरी ‘वुई’च येतं. मुलाखत घेणाऱ्याला तुमच्या नावापुढे काहीतरी लिहायचं असतं, आणि लिहायला काही मिळतच नाही.

नमुना घ्या: ‘प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री डेटाबेस उडाला, आम्ही जागून परत उभा केला.’ कोणी? कसा? त्याऐवजी हे बघा: ‘बॅकअप माझ्याकडे होता, तो तीन दिवस जुना निघाला. मी आधी तिघांना नव्या नोंदी टाकणं थांबवायला सांगितलं, नाहीतर घोळ वाढला असता. मग टेस्टिंगसाठी काढलेल्या एक्सेल फाइलींमधून २१० नोंदी परत भरल्या. १२ सापडल्या नाहीत. ते गाईडना सकाळीच सांगितलं.’ उत्तर खरं वाटतं ते त्या १२ मुळे. त्या लपवल्या तर उलटतपासणीत निघतातच.

वेळ दोन मिनिटं. परिस्थितीला २० सेकंद, जबाबदारीला १०, कृतीला ७०, परिणामाला २०. बहुतेकांची अर्धी वेळ प्रोजेक्ट समजावण्यातच जाते.

वहीत सहा प्रसंग लिहा: वाद, चूक, डेडलाइन, नवं शिकणं, पुढाकार, कुणाला तरी नकार. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून ‘कोणी?’ विचारा. उत्तर ‘पार्टनरनं’ असेल तर तो प्रसंग पार्टनरचा, दुसरा शोधा.

व्हॉट्सॲपवरच्या तयार उत्तरांच्या पीडीएफ डिलीट करा. ‘मी परफेक्शनिस्ट आहे, हाच माझा दोष’ हे शिकवणाऱ्या क्लासवाल्यांना तर लांबूनच नमस्कार. तेच उत्तर त्यांनी तुमच्या पुढच्या-मागच्यालाही विकलेलं असतं.

ऑफिसचा अनुभव नाही म्हणून घाबरू नका, फ्रेशरकडून तो कोणी मागत नाही. गणेश मंडळाच्या वर्गणीचा हिशेब जुळवलात, मेसवाल्याशी भांडण मिटवलंत, तेही चालतं. आठवत नसेल तर ‘जरा विचार करू का?’ म्हणा आणि खरंच दहा सेकंद गप्प बसा. फक्त ‘पुन्हा तीच वेळ आली तर काय वेगळं कराल?’ हा पुढचा प्रश्न धरून चला. वरच्या प्रसंगात उत्तर एवढंच: बॅकअप रोज रात्री, दोन ठिकाणी.