महागडे स्पीकर ऐकून निवडताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची हौशी मंडळी स्पीकरची भारी जोडी ऐकायला पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात. कित्येक तास हायवेचा आवाज खाल्लेले कान घेऊन थेट शोरूममध्ये बसू नका. मुक्काम करा, सकाळी ताज्या कानांनी ऐका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आवाज समान न करता तुलना करणे. एका जोडीची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा) 86 डेसिबल, दुसरीची 89. अँप्लिफायरचं बटण जागच्या जागी ठेवलं, तर दुसरी जोडी 3 डेसिबलने मोठी वाजणार. तीनचा फरक निदान लक्षात येतो. खरा घात एखाद्या डेसिबलचा होतो. तो 'मोठा' असा जाणवत नाही, 'भरदार' किंवा 'मोकळा' वाटतो. शिवाय हळू आवाजात खर्ज कानाला कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं आहे. म्हणून दुकानदाराला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खसखसाट) लावायला सांगा आणि तुमच्या खुर्चीवर, कानाच्या उंचीला फोन धरून साउंड मीटरच्या अ‍ॅपवर आकडा बघा. फोनचा आकडा तंतोतंत नसला तरी चालतो; दोन्ही जोड्यांचा अर्ध्या डेसिबलच्या आत जुळला पाहिजे. यात दुकानदाराचा वेळ जातो, पण संकोच करू नका. पैसे तुमचे आहेत.

किंमत आणि रूप डोळ्यांआड करा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 मध्ये मांडलेल्या प्रयोगात तेच स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड असताना श्रोत्यांनी दिलेले गुण बदलले होते. सोबतच्याला जोड्या बदलायला सांगा, तुम्ही डोळे मिटून बसा.

शोरूमच्या झगमगीत डेमो ट्रॅकवर निर्णय नको. तोंडपाठ असलेलं गाणं न्या. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा आवाज कानात मुरलेला असेल, तर गळा खरा वाटतो की नाही हे लगेच कळेल. मागच्या तंबोऱ्याची जवारी ऐका: ती झिणझिणत राहायला हवी, कानाला टोचायला नको. जुन्या ध्वनिमुद्रणात खर्ज बेताचाच असतो, म्हणून डग्ग्याचा घुमारा तपासायला एखादं नवं रेकॉर्डिंगही ठेवा.

आता घरची खोली. शोरूमला गालिचा आणि भिंतींना पॅनेल. आपल्याकडे शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे 47 हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट, 94 हर्ट्झला आवाज फुगतो, आणि भिंतीलगत तो सर्वांत जास्त. आपला सोफा तर भिंतीला टेकलेलाच असतो! म्हणून जमेल तिथे घरी ऐकायची सोय मागाच. घरी डग्गा गुमगुमला तर स्पीकरला लगेच दोष देऊ नका. आधी सोफा दोन फूट पुढे घ्या, स्पीकर कोपऱ्यातून काढा, मध्ये जाड सतरंजी टाका. सतरंजीने खर्ज आटोक्यात येत नाही, फक्त फरशीवरून उसळणारा टणत्कार कमी होतो.

उलट खर्ज गायबच झाला आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरला, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस तारा उलट लागल्या आहेत. अँप्लिफायर बंद करून त्याच एका स्पीकरच्या तारा सुलट करा.