मराठी पुस्तकात इटॅलिक: तिरपं काय करायचं, काय नाही

गोव्याच्या इतिहासावरचं मराठी पुस्तक जुळवायला घेतलं की रोमन लिपी पानोपानी डोकावते. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथाचं नाव, कोकमाचं शास्त्रीय नाव, तळटीपांतले पोर्तुगीज संदर्भ. हे सगळं रोमनमध्ये देणार असाल तर इटॅलिकमध्येच द्या. व्यक्तींची आणि गावांची नावं मात्र सरळ.

आधी फॉन्ट तपासा. इटॅलिक हा स्वतंत्र कोरलेला टाइप. फ्रांचेस्को ग्रिफोने हस्ताक्षराच्या वळणावर कोरलेला असा टाइप व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुस या मुद्रकाने १५०१ मध्ये पुस्तकासाठी वापरला. त्यामुळे पारंपरिक इटॅलिकमध्ये लहान 'ए' हस्ताक्षरातल्यासारखा एकपोटी होतो, 'एफ'चं शेपूट ओळीखाली उतरतं. तुमचा 'ए' सरळ टाइपातलाच, फक्त कललेला दिसतोय? मग ती बहुधा सॉफ्टवेअरने केलेली बनवाबनवी आहे. 'ईबी गॅरामाँड' मोफत मिळतो आणि त्याला खरा इटॅलिक आहे. 'कॉर्मोरंट' देखणा, पण त्याच्या बारीक रेषा ७० जीएसएम मॅपलिथोवर (पुस्तकांच्या साध्या कागदावर) तुटतात. तो शीर्षकांपुरताच ठेवा.

देवनागरी कधीही तिरपी करू नका. शिरोरेघ आडवीच राहते, काने कलतात आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते. शब्दावर भर द्यायचा तर ठळक टाइप घ्या. वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'ची शैली वेगळी असते. ती 'रेग्युलर'च ठेवा. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रोमनसाठी एक कॅरेक्टर स्टाइल (अक्षरांची ठरवून ठेवलेली शैली) करा: फॉन्ट इटॅलिक, स्क्यू म्हणजे कृत्रिम कल शून्य, भाषा पोर्तुगीज. भाषा दिली नाही तर ओळीच्या शेवटी शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो. देवनागरी १३ पॉइंट असेल तर रोमन ११ पासून सुरुवात करा. लहान 'एक्स' शिरोरेघेच्या जरा खाली आणि कॅपिटल जरा वर आलं की जमलं.

खरी डोकेदुखी विभक्तीची. तिरप्या शब्दाला 'मध्ये', 'चा' चिकटवलं की शेवटचा 'डी' किंवा 'एफ' शिरोरेघेला धडकतो. प्रत्यय सरळ देवनागरीत, मध्ये हायफन, आणि तरीही टक्कर होत असेल तर हेअर स्पेस, म्हणजे केसाएवढी बारीक मोकळी जागा. कंसाचंही तेच: कंस बाहेरच्या मजकुराच्या फॉन्टमधला, आत हेअर स्पेस.

पीडीएफमधून उचललेल्या पोर्तुगीज शब्दांत नाकातल्या 'आ'वरचं टिल्ड (नागमोडी चिन्ह) बरेचदा सुटं येतं आणि इटॅलिक करताच बाजूला सरकतं. शोधा-बदला वापरून अशा अक्षर-चिन्हाच्या सुट्या जोड्या एकसंध अक्षराने बदला. शेपटीचा 'सी'ही तपासा. काही फॉन्टच्या सरळ टाइपात ही अक्षरं असतात, इटॅलिकमध्ये नसतात. तिथे एकच अक्षर परक्या फॉन्टमध्ये उगवतं आणि पडद्यावर ते सहज निसटतं. म्हणून शेवटचं प्रूफ छपाईच्याच कागदावर, शंभर टक्के आकारात काढा आणि ग्रंथसूचीची पानं आधी वाचा.